भुईचाफ्याला कोरडी झोप हवी

सावलीतल्या बागेसाठी झाडे सुचवा म्हटले की आपल्या रोपवाटिकांतून ठरलेली यादी बाहेर येते. सिंगोनियम, ॲग्लोनेमा, डिफेनबेकिया, फार तर नेचे. बारा महिने हिरवी, गिऱ्हाइकाला तक्रारीची सोय नाही. भुईचाफा या यादीत बसत नाही, कारण वर्षातले काही महिने तो जमिनीवर दिसतच नाही.

आले-हळदीच्या कुळातली ही आपल्याकडची रानवनस्पती, केम्फेरिया रोटुंडा. चैत्र-वैशाखात माती ठणठणीत कोरडी असताना पान नाही, दांडा नाही, थेट भुईतून फूल वर येते. पांढऱ्या लांबट पाकळ्या आणि त्यांच्या मध्ये दुभंगलेली जांभळट पाकळी, सुवासही चांगला. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण एकाच गड्ड्यातून एकामागून एक फुले येत राहतात. पाऊस पडला की उभी पाने फुटतात, वरून गडद-फिकट हिरव्या नक्षीची, खालून जांभळी. श्रावण-भाद्रपदात केवळ पानांसाठीही हे झाड लावावे असे आहे.

घात होतो तो दिवाळीनंतर. पाने पिवळी पडून लोळू लागली की माळ्याला वाटते, पाणी कमी पडले. तो पाणी वाढवतो आणि निजलेला कंद ओल्या गार मातीत सडतो. त्यातून वाचला तर ठेकेदार ‘रिकामा’ वाफा उकरून पिटुनिया लावतो. दोष माळ्याचा कमी, आपला जास्त. देखभालीच्या करारात बारमाही हिरवाईची हमी आपणच लिहून देतो आणि ऋतूप्रमाणे वागणाऱ्या झाडाला बागेबाहेर काढतो.

करायचे फार नाही. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडा, त्या जागेचा ड्रिपर बंद करा आणि ठळक खूण रोवा. कुंड्या कोरड्या आडोशाला सरकवा. आंबा किंवा बकुळीखाली, जिथे ऊन गाळून येते, तिथे तो रमतो. गच्च अंधारात नाही. मातीत पानांचे कुजलेले खत भरपूर हवे. काळ्या चिकट मातीत वाफा उंच करून निचरा साधल्याशिवाय लावूच नका. गड्डे फोडायचे ते फुले संपल्यावर, पाने फुटण्याआधी. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा आणि दोन-तीन फुगीर मुळे राहू द्या, काप सावलीत सुकू द्या, मगच लावा.

विक्री मात्र पावसाळ्यात, पानांवर असताना करा आणि पिशवीसोबत ‘हिवाळ्यात पाने जातील, फेकू नये’ अशी चिठ्ठी द्या. बाजारात पीकॉक जिंजर म्हणून मिळणारी केम्फेरिया पुल्क्रा कधीकधी भुईचाफा म्हणून खपवली जाते. तिची पाने जमिनीला टेकलेली असतात आणि फुले पावसाळ्यात पानांसोबतच येतात. एवढी खूण विक्रेत्याला ठाऊक हवी.

मागणी वाढली की कंदांची पोती थेट रानातून येऊ लागतात, हे वेगळे सांगायला नको. औषधी उपयोगामुळे भुईचाफ्याच्या कंदावर आधीच डोळा आहे. येत्या मे महिन्यात आपल्याच आवारातले गड्डे फोडून रोपे वाढवा, आणि रानातले पोते दारात आले तर घेऊ नका.