वंदे भारत धावली, पांढुर्ण्याचे काय?

ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या भागात दोन गोष्टी घडल्या. पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून निघून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, आणि त्याच महिन्यात इंदूर-भोपाळ वंदे भारत नागपूरपर्यंत वाढविण्यात आली. जिल्ह्याचे पेढे आपण वाटले. गाडी मात्र सुरू झाली तेव्हा इटारसी सोडली की एकदम नागपूर! वाटेत एक जिल्ह्याचे ठिकाण आहे, हे वेळापत्रक करणाऱ्यांच्या गावीही नव्हते.

समाजबांधवहो, जलद गाडीला आपला विरोध नाही. पण "वेगाची गाडी जागोजागी कशी थांबेल?" हे जे ऐकवले जाते, ते तपासून पाहायला हवे. बुलेट ट्रेनचा दाखला म्हणून जपानकडे बोट दाखवतात, तर जपानच पाहू. टोकियो-ओसाका मार्ग 1 ऑक्टोबर 1964 रोजी सुरू झाला, तोच दोन प्रकारच्या गाड्यांनी: मोजके थांबे घेणारी 'हिकारी' आणि प्रत्येक स्टेशनवर थांबणारी 'कोदामा'. कोदामा बाजूच्या रुळावर उभी राहते, मागची जलद गाडी पुढे काढतात, मग ही सुटते. याच मार्गावर काकेगावा हे लहान शहर आहे. आपले जसे संत्र्याचे, तसे ते चहाच्या मळ्यांचे. तिथे आधी थांबा नव्हता. गावाने मागणी लावून धरली, खर्चासाठी नागरिकांनी वर्गणी काढली, आणि 1988 मध्ये स्टेशन झाले. आपल्याकडच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरच्या आराखड्यातही बिलिमोऱ्यासारख्या गावाला स्टेशन आहे. मग आम्हीच काय घोडे मारले?

बँकेत व्याजाचा दर पाटीवर मोठ्या अक्षरांत असतो; शहाणा ग्राहक हाती किती पडणार ते विचारतो. नागपूर आपल्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. गाडी 130 ने धावो की 160 ने, चढताच आले नाही तर आपला वेग शून्य. आणि नागपूरशिवाय आपले चालते कुठे? दवाखाने, मुलांची कॉलेजे, लेकीचे सासर, सारे तिकडेच. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. सोयरिकी काही तुटल्या नाहीत.

सौंसरकरांनी तर जास्त सोसले. नॅरोगेज 2015 च्या अखेरीस बंद झाली आणि छिंदवाडा-नागपूर ब्रॉडगेज सलग सुरू व्हायला 2021 साल उजाडले. तोवर बसचे धक्के.

आता वेळ आली आहे ती अशी. 31 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इटारसी-नागपूर चौथ्या मार्गिकेस मंजुरी दिली. "मार्गावर गर्दी आहे" हे ठरलेले उत्तर त्यानंतर कसे टिकेल? रूळ पडण्याआधीच मागणी कागदावर हवी: ऑफिस-कॉलेजच्या वेळेला नागपूरला पोहोचवून संध्याकाळी परत आणणारी मेमू, आणि पांढुर्ण्याला जलद गाडीचा थांबा. (रेल्वे थांबा देताना तिकीटविक्री पाहते, तेव्हा बिनतिकीट जाणाऱ्या आपल्याच मंडळींनी जरा विचार करावा.)

पांढुर्णा मध्य रेल्वेत, सौंसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. पण दोन्हींची मंडळ कार्यालये नागपूरलाच आहेत. दोन्ही तहसिलींच्या मंडळींनी एकाच निवेदनावर सह्या करून, एकाच दिवशी दोन्हीकडे जावे.