कानसेनांनो, डोळे मिटा!

माझा चुलतभाऊ म्हणजे आमच्या घरातला अधिकृत कानसेन. नोकरी हिंजवडीत, आणि पगारातला बराचसा भाग हेडफोन, डॅक आणि अ‍ॅम्पमध्ये. (डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारी डबी. दिसायला काडेपेटीएवढी, किंमत विचारू नका.) दादा म्हणतो, ‘केबल बदलली की आवाज मोकळा होतो.’ मी म्हणते, ‘तांबं ते तांबं, बारावीचं फिजिक्स विसरलास का?’ गेली दोन वर्षं दर गणपतीत हा सामना रंगतो. आणि दोन वर्षांत आम्ही एकदाही नीट चाचणी घेतली नव्हती. त्याने ऐकलं होतं, पण कुठली केबल लावलीये ते डोळ्यांनी बघत. मी तर ऐकलंच नव्हतं. गरजच काय, असं मला वाटायचं.

हाय-एंड ऑडिओच्या छंदात ही दोन घराणी जुनी आहेत. एक म्हणतं कानावर विश्वास ठेवा, दुसरं म्हणतं ग्राफ दाखवा. मला वाटतं, दोघंही एकच गोष्ट टाळतात. वस्तू हातात घ्यायची, कुठली चालू आहे ते लपवायचं आणि मग ऐकायचं. यात हरायची भीती असते ना!

2022 मध्ये अमेरिकेत एक मजा झाली. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या रेकॉर्ड काढते, काहींची किंमत 125 डॉलर. मूळ टेपपासून रेकॉर्डपर्यंत सगळं अ‍ॅनालॉग, मध्ये डिजिटल काही नाही, अशी तिच्या चाहत्यांची ठाम समजूत होती. मग उघड झालं, की 2011 पासून यातल्या कित्येक रेकॉर्ड बनवताना मध्ये एक डिजिटल पायरी होती. प्रकरण कोर्टात गेलं. ‘डिजिटल असेल तर मला लगेच कळतं’ असं म्हणणाऱ्या मंडळींनी याच रेकॉर्ड वर्षानुवर्षं डोक्यावर घेतल्या होत्या. सगळे त्यांच्या कानांना हसले. मला मात्र वाटतं, कान बरोबरच होते. रेकॉर्ड छानच वाजत होत्या! चुकली ती ‘डिजिटल म्हणजे वाईट’ ही थिअरी. नकळत घडलेली ती एक मोठी ब्लाइंड टेस्टच होती.

डोळे किती गडबड करतात, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्येच दाखवलंय. हार्मन कंपनीच्याच 40 कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. समोर दिसताच मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त सेटचे घसरले. हे लोक ऑडिओ कंपनीत काम करणारे होते, हे विशेष.

तर या मे महिन्यात दादा ऑफिसमधल्या मित्राकडून 14 हजारांची सेकंडहँड केबल घेणार होता. मी म्हटलं, ‘आधी टेस्ट.’ पद्धत साधी. काकू पाठीमागे उभी राहून नाणं उडवणार, त्याप्रमाणे केबल लावणार आणि एक शब्द बोलणार नाही. 16 फेऱ्या. नुसत्या अंदाजाने 16 पैकी 12 किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून 12 ही पासिंगची रेषा.

पहिला प्रयत्न फुकट गेला. नवी केबल जाड, हेडफोनला खाली ओढायची, त्यामुळे दादाला मानेवरूनच कळायचं. मग दोन्ही केबल कपड्यांच्या चिमट्याने खुर्चीला अडकवल्या. ही गोष्ट मला कुठल्या थिअरीने सांगितली नसती. यानंतरचा दादाचा स्कोअर 16 पैकी 7. मी हॉलभर नाचले.

‘थांब,’ तो म्हणाला, ‘आता लॅपटॉपचा जॅक आणि माझी डबी.’ त्याचं म्हणणं, त्याचे इअरफोन लॅपटॉपवर निर्जीव वाजतात. मी दोन्हींचे ग्राफ पाहिले होते, दोन्ही सरळ रेषा. फरक शून्य, हे मी आधीच जाहीर करून टाकलं. मल्टिमीटर लावून आवाजाची पातळी सारखी केली (जरासा मोठा आवाजसुद्धा कानाला ‘चांगला’ वाटतो, म्हणून हे लागतंच). काकूचं नाणं पुन्हा उडालं. दादा 16 पैकी 14.

मग शोधत बसले. त्याच्या इअरफोनमध्ये एकेका कानात अनेक ड्रायव्हर आहेत. अशा इअरफोनचा विद्युत अवरोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो. जॅकचा स्वतःचा अवरोध जास्त असेल तर काही स्वर दबतात, काही वर येतात. मी पाहिलेला ग्राफ इअरफोन न जोडता काढलेला होता. फिजिक्स माझ्याच बाजूचं होतं, मीच अर्धं वाचलं होतं.

यावर नेहमीचा आक्षेप असतो, की परीक्षेच्या टेन्शनमध्ये बारीक फरक ऐकू येत नाहीत. मान्य. मग आठवडा घ्या, आपल्या खोलीत, आपल्या गाण्यांवर ऐका, फक्त लेबल दुसऱ्या कुणाला लपवायला सांगा. आणि हो, 7 गुण म्हणजे केबलमध्ये कधीच कुणाला फरक कळणार नाही, असं सिद्ध होत नाही. दादाला त्या केबलवर 14 हजार घालायचं कारण उरलं नाही, एवढंच. त्याने ती परत केली.

परत करताना त्याने मला एक आव्हान दिलं. एमपी3 ऐकणाऱ्यांना मी नेहमी हसते, माझ्याकडे सगळं फ्लॅकमध्ये. फूबार 2000 या फुकट प्लेअरमध्ये अशा टेस्टचं प्लगइन मिळतं. एकच गाणं, एकदा फ्लॅक, एकदा 320 केबीपीएसची एमपी3, माझेच हेडफोन. माझा स्कोअर 16 पैकी 9. फोनची मेमरी फ्लॅकने भरलीये, आणि त्या फाइल्स मी अजून डिलीट केलेल्या नाहीत.