कांद्याचा भाव आणि बाईचा वेळ



आमच्या घरी जेवताना निवडणुकीचा विषय निघाला की वाढणारीनं मध्ये बोलायचं नाही, असा न सांगितलेला नियम बरीच वर्षं होता. बोललंच तर उत्तर ठरलेलं, "तू पोळ्या बघ. स्वयंपाकघरात राजकारण कशाला आणतेस?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो. राजकारण स्वयंपाकघरात आणावं लागत नाही, ते तिथं आधीपासूनच असतं. परदेशातून डाळ किती मागवायची, सिलिंडरवर किती सबसिडी द्यायची, रेशनवर गहू द्यायचा की तांदूळ, हे ठरतं मुंबईत नाहीतर दिल्लीत. आमटी किती पातळ करायची, एवढाच निर्णय आपल्याकडे उरतो.

आपल्या आधीच्या बायकांनी हे नीट ओळखलं होतं. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, रॉकेल यांची टंचाई झाली, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरोधी संयुक्त समितीत एकत्र आल्या. लाटणी घेऊन, थाळ्या बडवत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. महागाई हा बाईच्या काटकसरीचा नाही, सरकारच्या धोरणाचा प्रश्न आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं.

त्यानंतर भावाची भाषा सगळ्याच पक्षांना कळू लागली. १९९८ साली दिल्लीतल्या सत्ताधाऱ्यांनी विधानसभा गमावली, त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता. ती धास्ती अजून गेलेली नाही. शहरात कांदा महागला की निर्यातीवर कुऱ्हाड पडते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांत भाव कोसळले. असं काही झालं की 'गृहिणींना दिलासा' म्हणतात. पण थंडीत वाकून कांद्याची रोपं लावणारी, उन्हात कांदा काढून पात कापणारी बाई गृहिणी नसते का? तीही घरी जाऊन चूल पेटवते. कांदा लावणारी आणि कांदा चिरणारी यांना एकमेकींसमोर उभं करणारं हे राजकारण आपण दोघींनीही नाकारायला हवं.

भावावर निदान बोललं तरी जातं. आपल्या वेळेवर कोण बोलतं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटं वाचवली! शिवाय ही सरासरी हात लावणाऱ्या पुरुषांची. २०१९ मध्ये शंभरातले जेमतेम सव्वीस पुरुष घरकामाला हात लावत होते.

२८९ मिनिटांचा वर्षाचा हिशेब मी मांडून पाहिला. आठ तासांची पाळी धरली तर २२० दिवस भरतात. त्याला ना रविवार, ना दिवाळीची रजा. उलट दिवाळीत पाळी वाढते. तरीही जनगणनेच्या लेखी फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी'. २००१ च्या जनगणनेत तिला भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत बसवलं होतं. त्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं कडक ताशेरे ओढले. २०२१ मध्येही न्यायालयानं गृहिणीच्या कामाचं मोल मान्य केलं. पण हे दोन्ही खटले अपघाताच्या नुकसानभरपाईचे होते. बाई मेल्यावर तिच्या कामाची किंमत ठरते, जिवंतपणी मात्र 'ती काय, घरीच असते'.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी महिन्याला १५०० रुपयांची 'लाडकी बहीण' योजना आली. त्या पैशांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. कुणापुढे हात न पसरता औषध आणता येणं, मुलीची फी भरता येणं ही छोटी गोष्ट नाही. माझी हरकत नावाला आहे. बहिणीला मिळते ती ओवाळणी. ती भावाच्या मर्जीची, किती घालायची हे त्यानंच ठरवायचं. आपण मतदार आहोत, कष्टकरी आहोत. आपल्याला नातं नको, हक्क हवा. आणि पैसे आले तरी २८९ मिनिटं तेवढीच राहतात.

ही मिनिटं कमी करणं राजकारणाच्या हातात आहे. दारात नळ आला तर हंड्याच्या खेपा वाचतात. वस्तीत पाळणाघर निघालं, अंगणवाडी पूर्ण वेळ चालली, तर बाईचा अर्धा दिवस मोकळा होतो. पण हे मागायला सभेत जावं लागतं आणि सभेला जायला वेळ लागतो. ग्रामसभेआधी बायकांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. ती सभा भाकऱ्या थापायच्या वेळेला बोलावली तर कागदावरच राहणार. आपल्या स्वतःच्या बैठकांतसुद्धा सहा वाजले की निम्म्या जणी घड्याळाकडे बघू लागतात आणि ठराव उरलेल्या जणींत होतो.

उरलेला भाग आपल्या घरातला. तो कुठल्याही सरकारच्या योजनेत बसणार नाही. कुकर लावणं, भाजी निवडणं, उद्या काय करायचं याची आज काळजी वाहणं, हे शिकायला पुरुषांना कोणताही जी.आर. लागत नाही. 'मदत करतो' म्हणणाऱ्याला विचारा, मदत कुणाला? जेवतो तर तोही ना?

एक विनंती आहे. एक आठवडा रोज रात्री वहीत लिहून ठेवा: कोणतं काम, कुणी केलं, किती मिनिटं. मुलाला आणि नवऱ्यालाही त्यांच्या ओळी स्वतः लिहू द्या. पानं आमच्याकडे पाठवा, नाव नको असेल तर नावाशिवाय पाठवा. पुढच्या अंकात ती छापू. मत मागायला दारात येणाऱ्यापुढे, तो कोणत्याही पक्षाचा असो, कांद्याच्या भावाबरोबर ही वहीसुद्धा ठेवू.