आडनाव नको, कौशल्य तपासा!



आपली दुधनी सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर, कर्नाटकच्या सीमेलगत. इथे घरात कन्नड, बाजारात मराठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी. समजा, सांधे सुजलेल्या एका शेतमजूर बाईला सोलापूरच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. बाईला वाचता येत नाही. अशा वेळी तिच्या भाषेत "कोणत्या वारी घेणार?" असं विचारून तिच्याच तोंडून उत्तर वदवून घेणं हे फार्मासिस्टचं काम आहे.

हे काम कॉलेजात शिकवलं जातं का? आणि शिकवलं तर तपासलं कसं जातं?

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. डी. फार्मच्या विद्यार्थ्याला ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचं. २००८ साली सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम आला, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कागदावर सगळं ठीक. पण तास भरल्याचा दाखला म्हणजे कौशल्य आल्याचा पुरावा नव्हे. डी. फार्मसाठी २०२२ च्या नियमांनी एक्झिट परीक्षा आणली, तीही बहुपर्यायी प्रश्नांची. पर्यायावर खूण करणाऱ्याला इनहेलर कसा ओढायचा हे म्हाताऱ्याला समजावता येतं की नाही, हे त्यातून कसं कळणार?

उरते तोंडी परीक्षा. तिथे आपल्या मुलांचं काय होतं, हे सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल २००७ च्या अहवालात मांडलं आहे. परीक्षक जात, आडनाव विचारतात, आपल्याला वेळ कमी देतात, अशा तक्रारी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी नोंदवल्या. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेतली ही गत, तर इतर ठिकाणी काय अपेक्षा ठेवायची?

यावर उपाय आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली 'ऑस्की' ही परीक्षापद्धत मांडली. त्यात लहान लहान टेबलं मांडतात. एकावर चिठ्ठीतली चूक शोधायची, दुसऱ्यावर रक्तदाब मोजायचा, तिसऱ्यावर रुग्ण बनून बसलेल्या माणसाला इन्सुलिन कसं टोचायचं ते समजवायचं. प्रत्येकाला तेच काम, तेवढीच मिनिटं. गुण आधी ठरलेल्या यादीनुसार आणि प्रत्येक टेबलावर परीक्षक वेगळा. म्हणजे एकाच्या मर्जीवर निकाल लटकत नाही.

काही जण म्हणतील, यामुळे भेदभाव संपेल का? नाही संपणार. परीक्षकाला चेहरा दिसतोच. पण "तुला काही येत नाही" असं म्हणून वाटेला लावता येणार नाही. कुठली पायरी चुकली ते दाखवावं लागेल. दुसरे म्हणतील, खर्च परवडत नाही. अहो, पडदे, टेबलं, रक्तदाबाचं यंत्र आणि औषध नसलेला सरावाचा इनहेलर, एवढ्यासाठी लाखोंची फी घेणाऱ्या कॉलेजांकडे पैसे नाहीत?

आता मुद्दा रुग्णाचा. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची १९२९ ची हकिगत दिली आहे. त्याच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने हात लावला नाही. थर्मामीटर आधी एका मुस्लिम माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला आणि नवऱ्याने बायकोला. ती बाई वाचली नाही. त्या डॉक्टरकडे पदवी होती. रुग्णाला माणूस म्हणून वागवणं हा पदवीचा भाग नव्हता. म्हणून रुग्णाशी कसं बोललात, त्याला समजलं की नाही, यालाही गुण हवेत.

तेव्हा फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी संघटित होऊन या मागण्या लावून धराव्यात :

१. रुग्णसंवादाची परीक्षा रुग्णाच्या भाषेत घ्या. सोलापूरच्या सीमाभागात कन्नडही चालली पाहिजे. फाडफाड इंग्रजीला जादा गुण नकोत.
२. गुणांची यादी परीक्षेआधी जाहीर करा, नंतर विद्यार्थ्याला त्याची भरलेली यादी दाखवा.
३. हजेरी क्रमांकावर घ्या, आडनावावर नको.
४. ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष प्रशिक्षण द्या.

आणि पास झाल्यावर आपलं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या मेडिकलच्या भिंतीवर भाड्याने टांगू नका. स्वतः काउंटरवर उभे राहा. समोर गोळ्यांची पट्टी हातात धरून आपलीच आई उभी असते. तिला आधी विचारा, "ऊट आय्ता?" जेवलीस का?

जयभीम!