जागा आणि पंगत

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगरावर पोर्तुगीज काळातील चर्चचे पडके अवशेष आहेत. एके काळी करंजा या नावाने ओळखले जाणारे हे बेट सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले आणि १७३७–३९ च्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांच्या हाती आले. डोंगर उतरून खाली आले की त्या राजवटीची आणखी एक खूण भेटते. ती दगडाची नाही, गोष्टीची आहे. वसईपासून गोव्यापर्यंत सगळ्या किनाऱ्यावर ती थोड्याफार फरकाने सांगितली जाते. पाद्र्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव ते पाणी प्याला, आणि सगळा गाव बाटला.

ही गोष्ट कोणत्या विहिरीवर खरोखर घडली, हा प्रश्न इतिहासकारांचा. मला रस आहे तो तिने धर्मांतराची जी कल्पना गृहीत धरली आहे तिच्यात. या गोष्टीत कोणी कोणाला उपदेश करीत नाही, कोणाचे मतपरिवर्तन होत नाही, कोणाला पश्चात्ताप होत नाही, बाप्तिस्माही होत नाही. घशाखाली एक घोट उतरतो, एवढेच. आणि नीट पाहिले तर त्या गावाला ख्रिस्ती केले ते पाद्र्याने नव्हे. शेजारच्या गावाने त्याच्या हातचे पाणी पिण्याचे थांबवले, त्या क्षणी ते धर्मांतर पूर्ण झाले. ‘बाटणे’ या मराठी क्रियापदात कर्त्याच्या श्रद्धेला जागाच नाही.

धर्मांतराविषयीची आपली चर्चा मात्र नेहमी श्रद्धेभोवती फिरते. मनापासून झाले की आमिषाने, समजून की फसवून? माझे म्हणणे असे की हा प्रश्न दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिल्या पायरीवरचा प्रश्न कोण कोणाच्या घरी जेवतो हा आहे, आणि आद्य ख्रिस्ती मंडळीच्या लेखनात तो आजच्या कोणत्याही वादापेक्षा स्वच्छ मांडलेला सापडतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी ते लेखन, श्रद्धा असो वा नसो, पंगतीच्या अंगाने एकदा वाचावे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील दहावा अध्याय घेऊ. पेत्र यापो या बंदराच्या गावी शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरला आहे. घर समुद्रकाठी आहे. मराठी बायबलात या शिमोनाला सरळ ‘चांभार’ म्हटले आहे. मूळ शब्दाचा अर्थ कातडी कमावणारा असा असला, तरी अनुवादकाने निवडलेल्या या शब्दाने मराठी वाचकाला जे एका क्षणात कळते ते इंग्रजी वाचकाला टीप वाचून कळावे लागते. दुपारची वेळ आहे, पेत्राला भूक लागली आहे, खाली स्वयंपाक चालला आहे, आणि गच्चीवर त्याला दृष्टान्त होतो. आकाशातून उतरलेल्या चादरीत खाद्य-अखाद्य सगळे प्राणी आहेत आणि ते खा असा आदेश आहे. तो नाही म्हणतो. इतक्यात दाराशी कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसे येतात. पेत्र त्यांना घरात घेतो आणि रात्री ठेवून घेतो. म्हणजे स्वतः पाहुणा असलेला माणूस परक्या घरात परक्यांचा यजमान होतो. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर कैसरियाला जातो, कर्नेल्याच्या घरी बाप्तिस्मे होतात, आणि पेत्र तिथे काही दिवस राहतो.

खरी गंमत अकराव्या अध्यायाच्या आरंभी आहे. पेत्र यरुशलेमेस परततो तेव्हा स्वजन त्याला जाब विचारतात, आणि तो जाब बाप्तिस्म्याबद्दल नाही. परक्यांना धर्मात का घेतलेस, असे कोणी विचारत नाही. सुंता न झालेल्यांच्या घरात जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास का, असे विचारतात. जगाच्या इतिहासातील एका मोठ्या धर्मांतराविषयी नोंदलेली पहिली तक्रार जेवणाची आहे.

मराठी वाचकाला यात अनोळखी असे काय आहे? १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरी तो जेवला होता. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तेव्हा ब्राह्मणवर्गात उभी फूट पडली. मुलाच्या मनात काय आहे, याची चौकशी करण्याची गरज कोणालाच भासली नाही. वाद त्याच्या पोटात काय गेले याचा होता. त्यानंतर सहा वर्षांनी, १८४९ मध्ये, दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली. तिच्या गुप्त बैठकीत नव्या सभासदाला ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. विहिरीतला तोच पाव! फरक इतकाच की इथे तो उघड्या डोळ्यांनी, पण बंद दाराआड खाल्ला जात होता.

आणि १८९० चा ऑक्टोबर. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापवली. त्यांत रानडे होते, टिळक होते. ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, प्रायश्चित्ते झाली. चहा प्यालेल्यांपैकी कोणाच्याही मनात ख्रिस्ती होण्याचा विचार नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही विहिरीच्या गोष्टीचे तर्कशास्त्र पेशव्यांच्या शहरात, पदवीधरांच्या सभेत, जसेच्या तसे चालले. या प्रकरणाकडे आपण विनोदी आख्यान म्हणून पाहतो. ते तसे आहेही. पण गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियाचा प्रसंग आहे, तो याच्या शेजारी ठेवून वाचावा. पेत्र तिथे परजातीयांच्या पंगतीला बसत असे, पण याकोबाकडची माणसे आली तशी त्याने हळूच पाय मागे घेतला. पाहता पाहता बर्णबासुद्धा उठला. पौलाने पेत्राला सर्वांदेखत तोंडावर सुनावले. ज्या प्रेषिताने गच्चीवर दृष्टान्त पाहिला होता, तोच ग्रामण्याला भ्याला. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले म्हणून त्यांना दूषण देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आमच्याच किनाऱ्याचे दुसरे एक उदाहरण आठवते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. कोकणाने त्यांना ठेवून घेतले. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ झाले, आणि गावांच्या नावांवरून त्यांची आडनावे पडली. तुम्ही आमचे देव माना, असे त्यांना कोणी म्हटले नाही. जगात यहुद्यांना जे भोगावे लागले ते पाहता हे आतिथ्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु हे आतिथ्य जागेचे आहे, पंगतीचे नाही. गावाने त्यांना घर दिले, धंदा दिला, नाव दिले आणि जातींच्या उतरंडीत एक खण दिला. पाटावर शेजारी बसवले नाही. आपल्या भाषेतही हे दिसते. ‘पाहुणा’ हा शब्द संस्कृत ‘प्राघुण’वरून आला, आणि खेड्यात आजही पाहुणे म्हणजे बहुधा सोयरे, ज्यांच्याशी बेटीव्यवहार होतो ते. ‘कुठलं म्हणायचं पाव्हणं?’ या प्रश्नात केवळ गावाची चौकशी नसते.

आद्य मंडळीने नेमके उलटे केले. जागा तिच्याकडे नव्हतीच. देवळे नव्हती, जमिनी नव्हत्या, कोणाच्या तरी घरात ती भरत असे. तिने देऊ केली ती पंगत. त्या पंगतीला बसायचे तर नवे नाव घ्यावे लागे, हे खरे. म्हणूनच जागेचे आतिथ्य उदार आणि पंगतीचे आतिथ्य स्वार्थी, असा निवाडा कोणी देईल. मला तो मान्य नाही. जागा देणारा स्वतः बदलत नाही. पंगत देणाऱ्याला बदलावे लागते. कर्नेल्याच्या गोष्टीत आधी बदलतो तो पेत्र, कर्नेल्य त्याच्या नंतर.

ती पंगत तरी शुद्ध राहिली का? नाही. करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना जे सुनावले त्याला मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ हा एकच नेमका शब्द आहे. ‘डिडाखे’ ही जुनी नियमपुस्तिका तर व्यवहारी आजीबाईसारखी बोलते. येणाऱ्याचे स्वागत करा. वाटसरू असेल तर दोन किंवा तीन दिवस ठेवा. राहायचे म्हणत असेल तर त्याने काम करावे. प्रेषित म्हणवणारा पैसे मागू लागला तर तो खोटा समजा. ख्रिस्ताच्या नावाचा व्यापार करणाऱ्यांसाठी तिथे एक खास शब्दही घडवला आहे. आमिषाचा संशय मंडळीच्या विरोधकांनी घेण्याआधी मंडळीनेच घेतला होता, आणि तो पाहुण्यावर घेतला होता.

विरोधकांपैकी सम्राट जूलियन याची साक्ष अधिक मोलाची. ३६२ च्या सुमारास गलातियाच्या प्रमुख पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की परक्यांविषयीची दया आणि मृतांच्या दफनाची काळजी यांनीच हा पंथ वाढला आहे. मग तो त्यांना रोखण्यासाठी काय करतो? गावोगावी पांथस्थांसाठी धर्मशाळा काढा, धान्य देतो, असे कळवतो. १९६८ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने धर्मांतरातील प्रलोभनाची व्याख्या केली, तीत वस्तुरूप देणगीही आली. त्या व्याख्येसमोर जूलियनचे पत्र ठेवले म्हणजे अडचण लक्षात येते. भुकेल्याला दिलेली भाकरी कोणत्या बिंदूला आमिष होते, हे देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मनात शिरून ठरवता येत नाही. माझ्या मते बाहेरून दिसणारी एकच कसोटी आहे: देणारा उलट त्याच्या घरी जेवायला जातो का?

या कसोटीवर आमच्या किनाऱ्यावरचे पोर्तुगीज चर्च सपशेल नापास होते. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात नवख्रिस्त्यांना ज्या हिंदू चालींची मनाई केली, त्यांत शिजवताना मीठ न घालता भात करण्याचीही मनाई होती. ज्या मंडळीचा आरंभ दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पाहुणा होऊन झाला, ती दोन हजार वर्षे पुरी होण्याआधीच तिथे झडती घेणारा शिपाई होऊन शिरली. आणि इतके करून तिने जात मोडली का, तर तीही नाही. गोव्यात बामण, चार्डो, सुदीर हे भेद चर्चच्या आत सुखाने नांदले.

आणि जात मोडली नाही तर पाण्याचे काय होते, हे आमच्याच जिल्ह्यात २० मार्च १९२७ ला दिसले. महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेच्या मांडवात जेवणाऱ्यांवर हल्ला झाला, त्यांच्या अन्नाची नासाडी झाली, आणि मग तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. इथे तर कोणी धर्म बदललाही नव्हता.

म्हणून मराठीत धर्मांतरावरचे सर्वांत खरे पुस्तक कोणते असे विचारले, तर मी बाबा पदमनजींचे आत्मचरित्र बाजूला ठेवून ‘स्मृतिचित्रे’ पुढे करीन. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे बायबलाच्या अभ्यासापेक्षा चुलीच्या वाटणीने भरलेली आहेत. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळक वाट पाहतात. पदार्थ पुढे सरकवून खा म्हणत नाहीत. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःच सोडवतात, आणि उत्तर सापडते तेव्हा आधी सुटते ते सोवळे, बाप्तिस्मा नंतर येतो. पुढे तर टिळक कोणालाही वाटेवरून घरी घेऊन येतात, डब्यात पीठ आहे की नाही याची चौकशी न करता, आणि एके काळी नवऱ्याच्या हातचे पाणी न पिणारी ही बाई कपाळाला हात लावून, चार शब्द सुनावून, आणखी एका अनोळखी माणसाचे पान वाढायला घेते.