घरात कॅन्सर, अन् लेकरांना कुणीच काही सांगेना

विश्लेषण

"आई मामाकडं गेलीय, आठ दिवसांत येईल." भूम, परंडा, कळंब, वाशी भागात आईला कॅन्सर निघाला की बऱ्याच घरांत लेकरांना असंच काहीतरी सांगितलं जातं. आई असते बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात, नाहीतर मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात. आठ दिवसांचे दोन महिने होतात. आई परत येते तेव्हा डोक्यावर पदर घट्ट बांधलेला असतो, अन् पदराखाली केस नसतात. लेकरू बघत राहतं. विचारलं तर उत्तर एकच, "तू अभ्यास कर, तुला काय करायचंय?"

यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. लेकराच्या जिवाला घोर नको, एवढंच मोठ्यांच्या मनात असतं. पण घोर लागायचा तो लागतोच, फक्त तो बोलून दाखवायला जागा उरत नाही.

लपवून लपत नाही

गावात गोष्ट लपत नाही. पारावर, किराणा दुकानात, शाळेच्या रस्त्यावर कुणीतरी बोलतंच. "तुझ्या आईला तसला आजार झालाय म्हणं." घरच्यांच्या आधी बाहेरच्यांकडून कळलं की लेकराचा घरच्यांवरचा भरवसा उडतो. ज्याच्या हातात मोबाईल आहे ते पोरगं रात्री यूट्यूबवर शोधतं. तिथं खरं कमी अन् भीती घालणारं जास्त सापडतं.

काहीच कळलं नाही तर लहान लेकरं आपल्या मनानं अर्थ लावतात. मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, आईजवळ झोपलं तर मलाही होईल, असं त्यांना वाटतं. हे ती कुणाला बोलत नाहीत. कुणी अंथरूण ओलं करतं, कुणी जेवत नाही, कुणी शाळेत मारामारी करतं. घरचे म्हणतात, पोरगं वाया गेलं. खरं तर ते घाबरलेलं असतं.

काय सांगावं, किती सांगावं

सगळं एकदम सांगायची गरज नाही. पण जे सांगाल ते खरं सांगा.

पाच-सहा वर्षांच्या लेकराला तीन गोष्टी पुरतात. आजाराचं नाव कॅन्सर आहे. तो तुझ्यामुळं झालेला नाही. तो शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. त्याबरोबर आई दवाखान्यात असताना तुला जेवू कोण घालणार, शाळेत कोण सोडणार, हेही सांगावं. लहान लेकराची अर्धी भीती तिथंच असते.

सातवी-आठवीच्या मुलांना उपचार समजतात. केमोच्या औषधानं केस जातात, ते बहुतेक वेळा उपचार संपल्यावर परत येतात. केमोनंतर काही दिवस आई गळून जाते, चिडते. तो राग तुझ्यावर नाही. एवढं माहीत असलं तर पोर आईला टाळत नाही.

दहावी-बारावीच्या पोरांपासून तर काहीच लपत नाही. त्यांना फाईल दाखवा, प्रश्न विचारू द्या. "आई बरी होईल ना?" असं विचारलं तर खोटी हमी देऊ नका. "डॉक्टर उपचार करतायत, पुढं जे कळेल ते तुला सांगू," हे उत्तर पुरेसं आहे. अन् दिलेला शब्द पाळा.

थोरल्या लेकीची शाळा

आई अंथरुणावर पडली की चूल, धुणं, लहान भावंडं अन् दारातलं जनावर बहुतेक वेळा थोरल्या लेकीच्या अंगावर येतं. आधी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडते, मग चार. "पोरगी लई शहाणी, सगळं घर सांभाळती," असं कौतुक होतं अन् त्या कौतुकात तिची दहावी जाते. पुढं "आईच्या डोळ्यांदेखत लग्न उरकून टाका" अशी घाईही होते. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आजाराचं कारण तिथं चालत नाही.

मुलानं थोडी मदत केली तर त्यालाही बरंच वाटतं. पण मदत वेगळी अन् घराचा सगळा भार वेगळा. चुलत्यानं, आत्यानं, शेजारणीनं कामं वाटून घेतली तरच पोरगी वर्गात दिसेल.

मदत आहे, पण मागावी लागते

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार होतात. पण ती योजना रुग्णाची. मागं राहिलेल्या लेकरांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आईवडिलांना दुर्धर आजार असेल अन् घर अडचणीत असेल तर १८ वर्षांखालच्या मुलांसाठी तिचा अर्ज करता येतो. २०२३ साली यातली मदत महिना १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला अन् दवाखान्याचे कागद जवळ ठेवावेत. पालक वारल्यावरच ही योजना मिळते असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाईन आहे.

पहिली पायरी मात्र सरकारी नाही. उपचार सुरू होण्याआधी घरातल्या एकानं शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना खरं सांगावं. गुरुजींना माहीत असलं तर गृहपाठ राहिला म्हणून पोराला उभं केलं जाणार नाही, अन् चार दिवस शाळा बुडाली तर कुणीतरी घरी चौकशीला येईल. आशाताई पेशंटच्या गोळ्या विचारायला येतात. जाताना त्यांनी "पोरं शाळेत जातात का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ काम होईल.