कानापुरती शांतता

एकेकाळी घरातला आवाज हा साऱ्या घराच्या मालकीचा असे. फळीवरचा रेडिओ एकच, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्या आजोबांनी लावल्या तरी त्या चुलीपुढच्या सुनेला ऐकू येत, अंगणातल्या नातवंडांना ऐकू येत आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही फुकट मिळत. १९७९ साली सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि गाणे घराच्या ताब्यातून सुटून एकेकट्याच्या कानात जाऊन बसले. आता त्यापुढची पायरी आली आहे. आता विकत मिळते ती शांतता. बाहेरचा गोंगाट गिळून टाकणारे, बिनतारी, ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन ही पूर्वी विमानाने हिंडणाऱ्यांची चैन होती. आज ते तालुक्याच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात काचेमागे टांगलेले दिसतात.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले खापर हे असेच एक गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचे, गुजरातच्या सीमेजवळचे. रस्त्याने रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांच्या इंजिनांची घरघर, प्रेशर हॉर्न, बाजाराच्या दिवशी विक्रेत्यांचे कर्णे, लग्नसराईत डीजे आणि या साऱ्यावर मात करण्यासाठी घरोघर मोठा केलेला टीव्ही. अशा गावात दोन खोल्यांच्या घरातला मुलगा स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडून बसतो, तेव्हा त्याला शांतता हवी असणे ही काही चैन नव्हे.

बँकेतला अधिकारी निवृत्त होतो, पण त्याला सल्ला विचारणारे निवृत्त होत नाहीत. पूर्वी लोक ट्रॅक्टरला किती कर्ज बसेल ते विचारत. आता एखादा बाप विचारतो, ‘साहेब, पोरगा हेडफोन मागतोय. हप्त्यावर मिळतोय. घेऊ का?’ किंमत दोन हजारांपासून तीस हजारांपर्यंत आणि त्याच्याही पुढे. खोक्यावर इंग्रजी अक्षरांची रांग: एसबीसी, एएसी, ॲपटेक्स, एलडॅक. दुकानदार म्हणतो, अक्षरे जितकी जास्त तितका माल चांगला. हे कितपत खरे, हे पैसे मोजण्यापूर्वी समजून घेतलेले बरे. कारण त्या खोक्यात दोन वेगवेगळ्या वस्तू एकत्र विकल्या जातात. एक आहे शांतता आणि दुसरी आहे आवाजाचा दर्जा. पहिली हेडफोन स्वतःच्या बळावर देतो. दुसरी देणे त्याच्या एकट्याच्या हाती नसते.

आवाजाने आवाज मारणे

शांततेची युक्ती जुनी आहे. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या उंचवट्यावर नेमका तेवढाच खळगा आणून बसवला, तर दोन्ही मिळून सपाट होतात. ही कल्पना पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाने मांडली आणि १९३६ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. पण लाट कानात शिरण्याआधी तिची उलटी लाट तयार करण्याइतके चपळ आणि लहान यंत्र त्या काळी नव्हते. १९७८ मध्ये अमर बोस हे प्राध्यापक युरोपातून अमेरिकेला परतत होते. विमानात दिलेल्या हेडफोनमधले संगीत इंजिनांच्या घोंघावण्यात बुडून जात होते, म्हणून त्यांनी प्रवासातच कागदावर आकडेमोड सुरू केली. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे हे चिरंजीव. त्यांच्या कंपनीने १९८९ साली वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आणला. सामान्य गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत तो पोहोचायला आणखी दशकभर लागले.

आजच्या हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज टिपणारे बारीक मायक्रोफोन असतात आणि उलटी लाट तयार करणारी चिप असते. हे सारे काम हेडफोनच्या आतच होते. फोन महाग आहे की स्वस्त, ॲपलचा आहे की अँड्रॉइडचा, याच्याशी त्याचा संबंध नाही. फोन बंद असला तरी शांतता चालू राहू शकते. गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट हीच.

अर्थात या शांततेलाही मर्यादा आहेत. ही युक्ती चालते ती एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर. पंखा, कूलर, विमान, एस.टी.चे इंजिन, उभ्या मालमोटारीची घरघर यांवर ती चांगली चालते. अचानक वाजलेला हॉर्न, भांड्यांचा खणखणाट, बाळाचे रडणे, शेजारच्या खोलीतले बोलणे यांच्यापुढे ती बरीच लंगडी पडते. तिथे कामाला येते ती कानावर नीट बसणारी गादी किंवा कानात घट्ट बसणारे रबरी बोंड. डीजेचा दणका तर जमिनीतून, भिंतीतून, छातीच्या पिंजऱ्यातून येतो. त्याच्यापुढे कानावर बसलेले यंत्र काय करणार?

बाजारात चालते ती भाषा

आता दुसरी वस्तू, आवाजाचा दर्जा. तार होती तेव्हा फोनमधून निघालेला विजेचा प्रवाह थेट कानापर्यंत जाई, मध्ये कोणाचीच परवानगी लागत नसे. तार गेली आणि ब्लूटूथ आले. सीडीवरच्या गाण्यात दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. एवढे ओझे ब्लूटूथच्या अरुंद पायवाटेवरून सुखरूप नेता येत नाही. म्हणून फोन त्या माहितीतला कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळतो, उरलेले गाठोडे घट्ट बांधतो आणि पाठवतो. हेडफोन ते सोडतो. गाठोडे बांधण्या-सोडण्याची ही रीत म्हणजे कोडेक. ज्या रीतीने बांधले त्याच रीतीने सोडणारा पलीकडे हवा, नाहीतर व्यवहार होतच नाही.

खापरच्या बाजारात उभे राहिले की हे समजायला पुस्तक लागत नाही. सातपुड्यातून उतरलेला माणूस घरी वसावी बोलतो, दुकानदाराच्या घरी गुजराती, शेजारच्या गाळ्यात अहिराणी, आणि तलाठी कार्यालयात मराठी. दोघांना एकमेकांची भाषा चांगली येत असेल तर गप्पा रंगतात. येत नसेल तर सौदा अडत नाही. भाव, वजन, उधारी यांपुरती एक बाजारी भाषा सर्वांना येते. ब्लूटूथवर संगीत ऐकवणाऱ्या हेडफोनांची ही बाजारी भाषा म्हणजे एसबीसी. ती प्रत्येकाला यावीच लागते, तसा नियमच आहे. आयफोनला तिच्याशिवाय एएसी येते. ॲपटेक्स अनेक अँड्रॉइड फोनांना येते, सगळ्यांना नाही. सोनीने २०१५ मध्ये आणलेली एलडॅक २०१७ पासून अँड्रॉइडमध्ये सामील झाली, त्यामुळे ती पुष्कळ फोनांत सापडते. आयफोनमध्ये मात्र नाही.

म्हणजे एलडॅकच्या लौकिकावर पंचवीस हजारांचा हेडफोन घेतला आणि घरात फोन आयफोन असला, तर दोघे एएसीमध्ये बोलणार. हेडफोनलाही एएसी येत नसेल, तर थेट बाजारी भाषेवर येणार. हेडफोन तोच, फोन बदलला की आवाज बदलतो, याचे गुपित एवढेच. दोष कोणाचाच नसतो.

खोक्यावरचे आकडे वाचतानाही बँकेची एक जुनी शिकवण उपयोगी पडते. कॅश-क्रेडिटची मर्यादा दहा लाखांची मंजूर झाली म्हणजे खात्यात दहा लाख जमा झाले असे नव्हे. एलडॅकची कमाल मर्यादा सेकंदाला ९९० किलोबिट आहे. पण गर्दीत, फोन मागच्या खिशात असताना किंवा आसपास वाय-फायचा गलबला असताना ती रीत ६६० वर, मग ३३० वर उतरते. आणि साधी एसबीसी, चांगली वापरली तर, ३२८ पर्यंत जाते. शिवाय इंटरनेटवरून येणारे बहुतेक गाणे मुळातच दाबून, गाळून आलेले असते. चरकातून एकदा निघालेला ऊस पुन्हा कितीही भारी चरकात घातला, तरी गेलेला रस परत येत नाही.

पैसे देण्याआधी

तेव्हा त्या बापाला काय सांगावे? पहिले हे की घरात जो फोन आहे त्याला काय येते ते बघा, मग हेडफोनची अक्षरे वाचा. जी अक्षरे दोन्हीकडे आहेत तेवढ्यांचेच पैसे सार्थकी लागतील. दुसरे, मुलाला शांतता हवी असेल तर कोडेककडे पाहूच नका. हेडफोन कानावर तासभर दुखल्याशिवाय बसतो का, दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून लावला तर घरघर खरोखर कमी होते का, आणि गादी फाटली तर नवी मिळते का, एवढे पाहा.

तिसरी गोष्ट ऑनलाइन शिकवणी लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी. हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला, की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन संगीताची रीत सोडून फोनवरच्या बोलण्याच्या रीतीवर जातात. आवाज एकदम पिचका, डबक्यातून आल्यासारखा होतो. त्या वेळी खोक्यावरची सगळी भारी अक्षरे मुकाट बसतात. यावर स्वस्त उपाय म्हणजे ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी फोनचा किंवा लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन वापरणे. चौथी गोष्ट उशिराची. गाठोडे बांधायला-सोडायला वेळ लागतो. चित्रपट पाहताना फोन बहुधा चित्र थोडे थांबवून ओठ आणि शब्द जुळवून घेतो, पण खेळात बंदूक आधी उडते आणि बार मागून येतो. २०२० मध्ये जाहीर झालेली एलसी३ ही नवी रीत हे दुखणे बरेच कमी करते आणि कमी माहितीत बरा आवाज देते. पण तीही दोन्हीकडे हवी, हा बाजाराचा नियम तिलाही लागू आहे.

या यंत्राचा खरा आरोग्यलाभ जाहिरातीत फारसा सांगत नाहीत. बाहेर गोंगाट असला की माणूस त्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवतो. बाहेरचा गोंगाट कमी झाला की वाढवण्याची गरज उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, एवढी सुरक्षित मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात, त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ही मुदतठेव एकदा मोडली की नव्याने काढता येत नाही. आणि महामार्गालगत चालताना किंवा दुचाकीवर हे यंत्र कानावर नको, हे वेगळे सांगायला नको. तिथे हॉर्न ऐकू येणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो.

जी शांतता आधीच आपली आहे

एवढे सारे सांगून झाल्यावरही एक प्रश्न मनातून जात नाही. अभ्यासासाठी पोराला शांतता विकत घ्यावी का लागते? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा-रुग्णालयांच्या शांतता क्षेत्रात ती आणखी कमी, ५० आणि ४०. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा संबंध थेट घटनेच्या २१ व्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून न ऐकणाऱ्याच्या कानात आवाज कोंबता येत नाही, असा त्याचा आशय. वर्षातून काही सणांना मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ते दिवसही पंधराच्या वर जाता येत नाहीत. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त आवाज झाला तर तक्रार करण्याची सोय त्याच नियमांत आहे.

हे हक्क हप्त्यावर घ्यावे लागत नाहीत. ते बजावणे मात्र अवघड. वाजवणारा आपलाच भाचा असतो, लग्न भावकीतले असते आणि तक्रार करणारा गावात वाईट ठरतो. म्हणून ज्याला परवडते तो हेडफोन घेतो आणि गप्प बसतो. धोका इथेच आहे. ज्याच्या घरी टँकर येतो त्याला गावच्या विहिरीची काळजी उरत नाही. ज्यांना गोंगाटाचा त्रास होतो आणि ज्यांचे कोणी ऐकेल, अशी माणसे एकेक करून कान झाकून घेत गेली, तर गोंगाट तसाच राहील आणि तो सोसायला उरतील आजारी म्हातारे, तान्ही बाळे आणि दोन हजारही परवडत नाहीत अशा घरातली मुले.

ढोलाला कोणाची हरकत नाही. याच तालुक्यात काठीची होळी होते, रात्रभर ढोल आणि पावरी वाजते आणि लोक मुद्दाम डोंगर चढून ऐकायला जातात. त्या आवाजाला रात्र ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि येणारा आपण होऊन येतो. भिंतींचे हादरे बसवणाऱ्या डीजेला यातले काहीच नसते.

तेव्हा बापाने हेडफोन जरूर घ्यावा. ऐपतीतला घ्यावा, शक्यतो रोखीने घ्यावा, आणि आईची हाक ऐकू येईल एवढा वेळ तो रोज कानावरून उतरवून ठेवायला पोराला सांगावे. आणि पुढच्या लग्नात डीजेची सुपारी ठरवायला भावकी बसेल तेव्हा, दहा वाजता बंद करायचा, ही अट आपणच आधी घालावी.